रांगेतून उचललेलं पान गेलं कुठं? एका ओसीआर स्क्रिप्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं एक जुनं सार्वजनिक ग्रंथालय. तिथल्या मासिकांचे आणि साप्ताहिकांचे बांधीव खंड देणगीतून स्कॅन झाले होते. एकूण ४१,२६० पानं, प्रत्येक पानाची एक टिफ फाइल. पण चित्रात शोध घेता येत नाही, म्हणून या पानांतला मजकूर टेसरॅक्ट या मुक्त ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) सॉफ्टवेअरनं काढून शोधसूची करायची ठरली. टेसरॅक्टचं मराठीसाठीचं मॉडेल मिळतं आणि स्वच्छ छपाईवर ते बऱ्यापैकी चालतं. ग्रंथालय आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून मी इथं नावं घेतलेली नाहीत.

स्क्रिप्ट लिहिली गावातल्याच एका मुलानं. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला, शिकायची ओढ असलेला मुलगा. मी पुण्याहून फोनवर मदत करत होतो. हाताशी एकच मशीन होतं: ८ कोअर, १६ जीबी रॅम, उबुंटू २२.०४ आणि त्यासोबत येणारं पायथन ३.१०. स्कॅन शेजारच्या खोलीतल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कनं जोडलेल्या साठवण-डिस्कवर, होते आणि मध्ये एक छोटा नेटवर्क स्विच.

आराखडा साधा होता. एका प्रोग्रामच्या आत एकाच वेळी चालणारे कामाचे धागे म्हणजे थ्रेड. मुख्य थ्रेड पानं शोधून सामायिक क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकणार. आठ वर्कर थ्रेड क्यूमधून एकेक पान उचलून ओसीआर करणार आणि मजकूर फाइलमध्ये लिहिणार. पायथनच्या जीआयएलची (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणाऱ्या कुलपाची) इथं अडचण नव्हती, कारण टेसरॅक्ट वेगळी प्रोसेस म्हणून चालतो. थ्रेड फक्त त्याची वाट बघत बसतो, आणि वाट बघताना जीआयएल सोडलेला असतो. आराखड्यात चूक नव्हती हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे घडलं त्यानंतर "थ्रेडच नकोत" असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटले.

अडचण: तीन वेळा चालवली, तिन्ही वेळा वेगळी बिघडली

पहिली खेप पाव तासही टिकली नाही. मुख्य थ्रेड पान उघडायचा आणि उघडलेलं चित्रच क्यूमध्ये टाकायचा. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयनं स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात. रंगीत असेल तर पिक्सेलमागे ३ बाइट, म्हणजे एक पान मेमरीत सुमारे २६ एमबी. डिस्कवर तीच फाइल दाबलेली असल्यामुळे बरीच लहान दिसते, त्यामुळे हा आकडा सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. क्यूला कमाल मर्यादा दिलेली नव्हती. पायथनमध्ये मर्यादा दिली नाही की क्यू अमर्याद असतो. मुख्य थ्रेड सेकंदाला तीन-चार पानं आत ढकलत होता आणि आठही वर्कर मिळून सेकंदाला एकसुद्धा पान संपवत नव्हते. अशी ६०० पानं साचली की १५.६ जीबी झाले. लिनक्सनं प्रोसेस मारून टाकली.

दुसऱ्या खेपेला मुलानं योग्य तेच केलं. चित्राऐवजी फक्त फाइलचा पत्ता क्यूमध्ये टाकला, चित्र उघडण्याचं काम वर्करकडे दिलं आणि क्यूला ३२ ची मर्यादा घातली. रात्री आठला सुरू करून तो घरी गेला. सकाळी सातला त्याचा फोन आला.

"दादा, स्क्रिप्ट चालू दिसतेय, पण पुढं सरकत नाहीये."

"सीपीयू किती दाखवतोय?"

"शून्य."

शून्य म्हणजे सगळे कशाची तरी वाट बघत होते. चालू पायथन प्रोसेसमध्ये डोकावून प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे ते दाखवणारं पाय-स्पाय नावाचं साधन आहे. स्क्रिप्टमध्ये काहीही न बदलता ते चालतं. ते चालवल्यावर यादीत नऊ थ्रेड दिसायला हवे होते. दिसला एकच, मुख्य थ्रेड. तो क्यूच्या पुटमध्ये (रांगेत टाकण्याच्या हाकेत) जागा होण्याची वाट बघत उभा होता. आठही वर्कर गायब.

नंतर लॉगमधल्या वेळा घेऊन दर अर्ध्या तासाला किती पानं झाली ते मांडलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. वेग हळूहळू उतरला नव्हता, पायरीपायरीनं उतरला होता. काही पानं अर्धवट स्कॅन झालेली होती. असं पान उघडताना पिलो ही चित्रं उघडणारी लायब्ररी एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, फेकते. वर्करमध्ये ते पकडलेलं नव्हतं, म्हणून तो थ्रेड तिथंच संपत होता. पायथनमध्ये एखादा थ्रेड असा मेला तरी बाकीचा प्रोग्राम चालूच राहतो. स्टँडर्ड एररवर संदेश तेवढा छापला जातो. पण टिफमधल्या अनोळखी टॅगबद्दलच्या इशाऱ्यांनी लॉग भरतो म्हणून मुलानं स्टँडर्ड एरर डेव्ह-नलकडे, म्हणजे थेट कचऱ्यात, वळवून दिली होती. आठ खराब पानांनी आठ वर्कर घेतले. आठवा गेल्यावर क्यूमध्ये ३२ पत्ते पडून राहिले आणि मुख्य थ्रेड तेहतिसावा हातात धरून उभा राहिला.

तेव्हा मी फोनवर सांगितलं, "वर्करच्या आत ट्राय-एक्सेप्ट टाक, म्हणजे एका पानानं थ्रेड मरणार नाही." ट्रायमधल्या कामात चूक झाली की एक्सेप्टमधला भाग चालतो. एवढंच सांगितलं. एक्सेप्टमध्ये काय करायचं ते सांगितलं नाही. त्यानं पास लिहिलं, म्हणजे काहीच न करता पुढं जा. या प्रकरणात सगळ्यात महाग पडलेला निर्णय तोच, आणि त्यातला अर्धा माझा आहे.

तिसरी खेप दोन रात्री चालली. मध्ये एका रात्री बराच वेळ वीज गेली, इन्व्हर्टर उतरला आणि मशीन बंद पडलं. सकाळी पुन्हा सुरू केल्यावर ज्या पानांची मजकूर-फाइल आधीच होती ती पानं स्क्रिप्टनं सोडून दिली. शेवटी स्क्रिप्ट स्वतःहून नीट थांबली. सगळ्यांना आनंद झाला. सूची तयार करून वाचनकक्षातल्या संगणकावर बसवलीसुद्धा.

दोन आठवड्यांनी ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. एका संशोधक विद्यार्थ्याला एका लेखमालेचे सगळे भाग हवे होते. सूचीत पाचवा भाग सापडत नव्हता. "अहो सर, पान कपाटात आहे. मी स्वतः खंड काढून बघितलं. छपाई अगदी स्वच्छ आहे. मग मशीनला का दिसत नाही?"

हरवलेल्याचा हिशेब

आधी मोजणी केली. ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. टिफ फाइली ४१,२६०. मजकूर-फाइली ४०,९७३. म्हणजे २८७ पानांचा पत्ता नव्हता. ट्रायमध्ये एक्सेप्शन आलं, पासनं गिळलं, वर्कर पुढच्या पानाकडे वळला.

पण इतकी पानं खराब नव्हती. एकेक उघडून पाहिलं तर २३० पानं उत्तम अवस्थेत होती, आणि त्यांचे क्रमांक जवळपास सलग होते. मॅडमचा पाचवा भाग त्यांतच होता. मुलाला आठवलं की मशीन बंद पडून स्क्रिप्ट पुन्हा सुरू केल्यानंतर वीज आणखी एकदा क्षणभर जाऊन आली होती. मशीन इन्व्हर्टरवर होतं, नॅसही होता. मधला नेटवर्क स्विच नव्हता. स्विच पुन्हा सुरू होईपर्यंत नॅस दिसेनासा झाला, आणि तेवढ्या वेळात आठ वर्करनी २३० पानं उचलली, उघडायचा प्रयत्न केला, अपयश गिळलं आणि पुढची मागितली.

हे नीट समजून घ्यायला मला वेळ लागला. सामायिक क्यूमध्ये अपयशी वर्कर हा सगळ्यात वेगवान ग्राहक असतो. धडपणे काम करणाऱ्याला एका पानाला कित्येक सेकंद लागतात, तोंडावर आपटणाऱ्याला क्षणभर. त्यामुळे रांग काम करणाऱ्यांपेक्षा न करणाऱ्यांकडे जास्त वेगानं वाहते. आठांपैकी एकच वर्कर असा बिघडला, तरी सगळी रांग तो एकटा उपसून टाकू शकतो.

मग रिकाम्या फाइली. शून्य बाइटच्या ९१४ मजकूर-फाइली निघाल्या. त्यांतल्या बहुतेक खरोखर कोऱ्या पानांच्या होत्या, बांधणीतल्या, मुखपृष्ठांच्या आतल्या. पण वीज गेली त्या क्षणी आठ वर्कर आठ पानं लिहीत असणार. म्हणजे एका वीजखंडाला जास्तीत जास्त आठ फाइली अर्धवट. त्या या ९१४ मध्ये कुठं होत्या? टेसरॅक्ट पानाच्या शेवटी फॉर्मफीड हे एक अक्षर लिहितो. कोऱ्या पानाची फाइल म्हणून १ बाइटची झाली असती आणि तुटलेली ० बाइटची. दोन्ही वेगळ्या ओळखू आल्या असत्या. पण स्क्रिप्ट लिहिण्याआधी मजकूर दोन्ही बाजूंनी साफ करत होती, आणि त्या सफाईत ते एक अक्षरही जात होतं.

क्यूचा यात दोष नव्हता. पायथनच्या क्यूमध्ये एक लॉक असतो आणि त्यावर बसवलेल्या तीन अटी: रांग रिकामी नाही, रांग भरलेली नाही, सगळी कामं संपली. एकच पान दोन वर्करना कधी मिळालं नाही, एकही पान रांगेत हरवलं नाही. पानं हरवली ती रांगेतून बाहेर पडल्यावर, गेट (पान उचलणं) आणि टास्क-डन (काम संपल्याचं कळवणं) या दोन हाकांच्या मधल्या पट्ट्यात. त्या पट्ट्यात पान कुणाच्याच हिशेबात नसतं. आमची पुढची सगळी चर्चा त्या पट्ट्याभोवती फिरली.

कोणते पर्याय तोलले

रेडिस किंवा रॅबिट-एमक्यूसारखी वेगळी क्यू-सेवा बसवायची सूचना माझ्या एका सहकाऱ्यानं केली. पावती मिळेपर्यंत काम विसरायचं नाही, ही सोय अशा सेवांत आयती करून घेता येते. पण ग्रंथालयात एकच मशीन, आणि मुलगा नोकरीला लागला की ती सेवा सांभाळणारं कुणी नाही. तो पर्याय लगेच सोडला.

थ्रेडऐवजी वेगळ्या प्रोसेस वापरण्यातही काही मिळणार नव्हतं. कारण वर आलंच आहे.

फोल्डरलाच रांग बनवण्याचा पर्याय मला फार आवडला होता. बाकी, चालू, झालं असे तीन फोल्डर करायचे आणि फाइल एकातून दुसऱ्यात सरकवत न्यायची. मॅडमनासुद्धा कुठं काय अडलंय ते डोळ्यांनी दिसलं असतं. पण मूळ स्कॅन हलवायचे नाहीत अशी त्यांची अट होती, आणि ती रास्त होती.

पायथनचा तयार थ्रेडपूल-एक्झिक्युटर (थ्रेडना कामं वाटून देणारी सोय) हा खरा स्पर्धक होता. त्याची आतली क्यू अमर्याद असते, पण फाइलचे ४१,२६० पत्ते म्हणजे मेमरीच्या हिशेबात काहीच नाही. वर्कर मरण्याचा प्रश्नच नव्हता. एक मेख मात्र त्यातही आहे. कामात आलेलं एक्सेप्शन फ्यूचरमध्ये (कामाचा निकाल ठेवणाऱ्या वस्तूत) जपून ठेवलं जातं आणि आपण निकाल मागितला तरच बाहेर येतं. निकाल मागायचा राहिला की तेच पास, फक्त वेगळ्या कपड्यांत. तरीही आज विचारलंत तर नव्या माणसाला मी एक्झिक्युटरच सुचवेन. तेव्हा आम्ही तो घेतला नाही, कारण नॅस गेल्यावर सगळ्यांनी एकत्र थांबायचं आणि परत आल्यावर हातातलंच पान पुढं न्यायचं, हे आम्हाला वर्करच्या लूपमध्ये उघडपणे लिहायचं होतं. दुसरं कारण असं की मुलाला ही रांग आतून समजून घ्यायची होती. कामाच्या घाईत अशी कारणं मी एरवी मान्य करत नाही. इथं केलं.

काय केलं

सगळ्यात आधी हिशेबवही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल आणि त्यात सुरुवातीलाच ४१,२६० ओळी. प्रत्येक पानाची अवस्था, किती प्रयत्न झाले आणि शेवटची चूक कोणती. काम सुरू होण्याआधी सगळी पानं वहीत आली पाहिजेत, हा नियम केला. त्यामुळे "झालेली अधिक अडलेली बरोबर एकूण" हे समीकरण कधीही तपासता येतं.

अवस्थांवरून आमचा वाद झाला. मुलाला बाकी, चालू, झालं आणि अडलं अशा चार हव्या होत्या. मी चालू काढायला लावली. क्यू मेमरीत असतो आणि वीज गेली की तो पुसला जातो. वहीत मात्र चालू तशीच राहते आणि सकाळी खोटं सांगते. त्यापेक्षा जे झालं नाही आणि अडलंही नाही ते बाकी. पडद्यावर काय चाललंय ते दाखवायचं असेल तर मेमरीतून दाखवावं, वहीत लिहू नये. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

लिहिण्याचा क्रमही ठरवून घेतला. मजकूर आधी तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये, मग एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहून घेणं), मग ओएस-रिप्लेसनं खऱ्या नावावर, आणि त्यानंतरच वहीत "झालं". एकाच फाइल-सिस्टिमवर हे नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट फाइल खऱ्या नावानं कधी दिसत नाही. रिप्लेस आणि वही यांच्यामध्ये वीज गेली तर पान पुन्हा एकदा ओसीआर होईल, काही बिघडणार नाही. क्रम उलटा ठेवला तर वही "झालं" म्हणेल आणि फाइल नसेल. दोनदा केलेलं काम चालतं, न केलेलं केलं म्हणून लिहिलेलं चालत नाही.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, आणि पायथनमध्ये एका थ्रेडनं उघडलेलं कनेक्शन दुसऱ्या थ्रेडनं वापरलं तर ते सहसा चूक म्हणूनच परत येतं. म्हणून वहीत लिहिणारा एकच थ्रेड ठेवला. वर्कर आपला निकाल दुसऱ्या एका क्यूमध्ये टाकणार आणि हा कारकून तिथून घेऊन वहीत चढवणार.

परत रांगेत टाकू का?

या प्रश्नावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. नॅस गेला आणि पान उघडलं नाही, तर त्या पानाचं काय करायचं? मुलाचं उत्तर कुणाच्याही मनात पहिलं येईल तेच होतं: "पान परत त्याच क्यूमध्ये टाकतो, कुणीतरी नंतर घेईल."

मी त्याला कागदावर रांग काढायला सांगितली. क्यूची मर्यादा ३२. मुख्य थ्रेड सतत भरत असल्यामुळे ती जवळजवळ नेहमी भरलेली. नॅस गेला. आठही वर्करांच्या हातात एकेक न उघडलेलं पान. आठही जण ते परत टाकायला पुटकडे गेले. रांग भरलेली, म्हणून आठही जण जागेची वाट बघत उभे. मुख्य थ्रेडही जागेची वाट बघतोय. आता रांगेतून काढणारं कोण उरलं?

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "कुणीच नाही."

क्यूची मर्यादा काढून टाकली तर ही कोंडी सुटते, पण दुसरी चूक उभी राहते. सगळी पानं संपली की मुख्य थ्रेड प्रत्येक वर्करसाठी "आता थांब" अशी एक खूण क्यूमध्ये टाकतो. आठ वर्कर, आठ खुणा. त्या खुणांच्या मागं कुणी पान परत टाकलं तर ते उचलायला कुणी शिल्लक राहत नाही. शेवटच्या मिनिटात अडखळलेली पानं अशी मुकाट्यानं राहून जातात. यातून आमचा नियम आला: रांगेतून घेणाऱ्यानं त्याच रांगेत टाकायचं नाही. पान ज्याच्या हातात आहे त्यानं ते हातातच ठेवून पुन्हा प्रयत्न करायचा, नाहीतर "अडलं" म्हणून कारकुनाकडे पाठवायचं. तिसरी वाट नाही.

आता पानाचा दोष आणि परिस्थितीचा दोष वेगळा कसा ओळखायचा? पायथनमध्ये दोन्ही ओएस-एरर म्हणूनच येतात. पिलो अर्धवट चित्राबद्दल तक्रार करते तीही ओएस-एरर, आणि नॅस दिसत नाही तीही ओएस-एरर. फरक आतल्या एरर-क्रमांकात आहे. नॅस गेल्यावर लिनक्सकडून क्रमांक येतो, उदाहरणार्थ ११२, म्हणजे होस्ट इज डाउन. पिलोच्या स्वतःच्या तक्रारीत क्रमांक नसतो. म्हणून क्रमांक असेल तर पान हातात ठेवून सामायिक झेंडा खाली करायचा. झेंडा खाली असेपर्यंत कुणीही वर्कर नवं पान उचलत नाही. स्कॅनचं फोल्डर पुन्हा वाचता आलं की झेंडा वर. क्रमांक नसेल तर दोष पानाचा, एक नोंद करून पुढं. अर्थात क्रमांक असलेली प्रत्येक चूक परिस्थितीची नसते, परवानगी नसलेली एखादी फाइल सगळ्यांना थांबवून ठेवेल. म्हणून एका पानाला तीनच प्रयत्न, मग "अडलं".

रिकामी आहे का, असं विचारू नका

वर्करनं थांबायचं कधी, याचं मुलाचं पहिलं उत्तर होतं "क्यू रिकामा दिसला की". पण रिकामं म्हणजे संपलं नव्हे. मुख्य थ्रेड नॅसवरची यादी वाचण्यात दोन सेकंद अडकला तरी क्यू रिकामा दिसतो आणि वर्कर घरी जातात. शिवाय रिकामा आहे का हे विचारणं आणि पान काढणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा कुणी ते पान उचलू शकतो. संपल्याचं फक्त टाकणाऱ्याला माहीत असतं, म्हणून ते त्यानंच सांगायला हवं. रुबीमध्ये २.३ पासून क्यू बंद करायची सोय आहे, पर्लच्या थ्रेड-क्यूमध्ये एंड आहे, पायथनमध्ये शटडाउन ही पद्धत ३.१३ मध्ये, म्हणजे २०२४ साली आली. आमचं पायथन ३.१० होतं, म्हणून आठ खुणा. टास्क-डन फायनलीमध्ये, म्हणजे चूक झाली तरी चालणाऱ्या भागात, हलवलं. क्यूच्या जॉइनला (सगळं संपेपर्यंत थांबण्याच्या हाकेला) टाइमआउट, म्हणजे थांबण्याची कमाल वेळ, देता येत नाही, म्हणून शेवटी क्यूवर न थांबता थ्रेडवर थांबायचं ठरवलं, तिथं टाइमआउट देता येतो. प्रत्येक पानाच्या ओसीआरलाही १८० सेकंदांची मर्यादा घातली.

मुद्दाम मोडून पाहिलं

या वेळी सगळी पानं लावण्याआधी २०० पानांचा एक नमुना संच केला. त्यात अर्ध्यावर कापलेली टिफ, शून्य बाइटची टिफ, नाव बदललेली वर्ड फाइल, कोरं पान आणि घडीचा एक मोठा नकाशा असं सगळं मुद्दाम घातलं. चालू असताना प्रोसेस मारली. स्विचची पिन काढली. दर वेळी वहीतली बेरीज २०० यायलाच हवी होती, आणि ती आली.

डिस्क भरल्याचा प्रयोग केला तेव्हा मात्र सगळं पुन्हा ठप्प झालं. कारकून थ्रेड एसक्यूलाइटच्या चुकीनं मेला. निकालांचा क्यू भरला. आठ वर्कर निकाल टाकायला उभे राहिले, त्यांच्या मागं पहिला क्यू भरला, त्याच्या मागं मुख्य थ्रेड. दुसऱ्या खेपेचाच रोग एक घर पुढं सरकला होता. वर्कर मेला तर काय, याचा आम्ही इतका विचार केला आणि कारकून मेला तर काय, हे दोघांच्याही मनात आलं नाही. यावर उपाय असा केला की कुठल्याही पुटनं अनंतकाळ थांबायचं नाही. पाच सेकंद थांबायचं, "बंद करा" हा सामायिक झेंडा बघायचा, मग पुन्हा थांबायचं. कारकून मरताना तो झेंडा वर करतो, सगळे हातातलं सोडून बाहेर पडतात आणि स्क्रिप्ट चूक दाखवून थांबते. वहीत जे "झालं" नाही ते बाकीच असतं, त्यामुळे सोडलेलं काही हरवत नाही.

वेगाची गोष्ट थोडक्यात. टेसरॅक्ट स्वतःही आतून एकाहून जास्त थ्रेड वापरतो, सहसा चारपर्यंत. आठ वर्करखाली असे ३२ थ्रेड आठ कोअरवर भांडत होते. ओएमपी-थ्रेड-लिमिट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं आणि भांडण मिटलं. पानाला साधारण आठ सेकंद, आठ वर्कर, म्हणजे सेकंदाला एक पान. ४१,२६० सेकंद म्हणजे साडेअकरा तास. एका रात्रीत बसणारं काम.

निष्पत्ती

चौथी खेप संध्याकाळी सातला सुरू झाली आणि सकाळी सव्वासातला संपली. मध्ये वीज एकदा जाऊन आली. लॉगमध्ये झेंडा खाली गेल्याची नोंद आहे आणि दीड मिनिटानं वर आल्याची. तेवढ्या वेळात एकही पान हरवलं नाही.

झालेली ४१,२०३. अडलेली ५७. बेरीज ४१,२६०.

५७ पैकी ३१ पानांच्या फाइली अर्धवट स्कॅन होत्या, १९ फाइली मुळात चित्रं नव्हत्याच, चुकून टिफ नाव दिलेल्या होत्या. ७ नकाशे होते. पिलो सुमारे ८.९ कोटी पिक्सेलच्या वर इशारा देते आणि त्याच्या दुपटीवर चित्र उघडायलाच नकार देते. नकाशे ६०० डीपीआयनं स्कॅन केलेले, एकेक २७ कोटींच्या घरातला. ते वेगळे, मर्यादा वाढवून, एकेक करून केले.

लेखमालेचा पाचवा भाग सापडला. मॅडमनी त्या विद्यार्थ्याला स्वतः फोन करून कळवलं.

आज करायचं असतं तर

पहिल्या दिवशी, ओसीआरची एकही ओळ लिहिण्याआधी, पानांची वही केली असती. क्यू, थ्रेड, लॉक यांतलं सगळं नंतर बदलता येतं. कशाची बेरीज जुळली पाहिजे हे आधी ठरलं नसेल तर बिघडलंय हे कळायला वाचकाची तक्रारच यावी लागते.

मॅडमना एक प्रश्न आधी विचारला असता: पान "झालं" असं तुम्ही केव्हा म्हणाल? त्यांचं उत्तर नंतर ऐकलं. "कोरं असेल तर कोरं लिहा. वाचता आलं नसेल तर तसं लिहा. पण गप्प बसू नका." ९१४ रिकाम्या फाइलींचा गुंता या एका उत्तरानं टळला असता. आता कोऱ्या पानासमोर वहीत कोरं असं लिहिलं जातं.

स्क्रिप्ट लिहिण्याआधी ग्नू-पॅरलल या आयत्या साधनाचाही विचार करायला हवा होता. त्यात कामांची नोंदवही आणि थांबल्या ठिकाणाहून पुढं जाण्याची सोय आहे, आणि आमच्या गरजेचा बराच भाग त्यात बसला असता. आम्ही त्याचं नावही काढलं नाही, कारण स्क्रिप्ट आधीच लिहिलेली होती आणि लिहिलेलं टाकून द्यायला जीव होत नाही.

आणि फोनवर ट्राय-एक्सेप्ट सांगताना मी आणखी दहा सेकंद घेतले असते. ज्याला सांगतोय तो अजून शिकतोय हे मला माहीत होतं. त्यानं माझा शब्द प्रमाण मानला. अपवाद पकडायला शिकवायचं तर पकडलेल्याचं काय करायचं हेही त्याच वाक्यात सांगावं लागतं.

नेटवर्क स्विच आता इन्व्हर्टरवर आहे. १९ चुकीच्या नावाच्या फाइली मॅडमनी यादीतून काढून वेगळ्या ठेवल्या. अर्धवट ३१ पानांचे खंड त्यांनी कपाटातून काढले आणि २७ पानं पुन्हा स्कॅन झाली. उरलेल्या ४ पानांपर्यंत वाळवी आधीच पोचली होती. वहीत त्या चार ओळींपुढे मुलानं लिहिलंय: मूळ पान नष्ट.